बर्फावर जाण्यापूर्वी

सहलीपेक्षा सहलीचा बेत अधिक सुखाचा, असे म्हणण्याची पद्धत आहे. लोणावळा-महाबळेश्वरच्या सहलीपुरते ते खरेही असेल. तेथे बेत चुकला तर फार तर बस चुकते, खोली गैरसोयीची मिळते, नाहीतर धुक्यामुळे एखादा पॉइंट दिसायचा राहतो. आणि परत आल्यावर त्याच फजितीची चवीने सांगण्याजोगी गोष्ट होते. परंतु चार मित्र जेव्हा हिमालयातल्या बर्फावर स्कीइंगला जाण्याचा बेत करू लागतात, तेव्हा ह्या बेतालाच निराळे वजन येते. घरच्या गालिच्यावर बसून घेतलेला एखादा ढिला निर्णय तेथे उतारावर उभे असताना अंगावर येतो. म्हणून ह्या बेताची गोष्ट थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहे.

अशा बेताचा आरंभ बहुधा दिवाळीच्या फराळापाशी होतो. शाळेतले सोबती, एक पुण्याला, दुसरा इंदूरला, तिसरा नोकरीनिमित्त दिल्लीला, चौथा हैदराबादेत. वर्षातून एकदा गाठ पडते. चिवड्याची बशी अर्धी झालेली असते आणि त्यांतला जो सर्वांत उत्साही, तो एकदम म्हणतो, ‘यंदा गुलमर्ग. बाकीचे काही ऐकून घेणार नाही.’ प्रत्येक मित्रमंडळात असा एक उत्साही असतोच, आणि तो नसता तर कोणतीही मंडळी घराबाहेर पडली नसती, हेही कबूल केले पाहिजे. दुसरा ताबडतोब खर्चाचा अंदाज मांडू लागतो. तिसरा परदेशात असताना दोन हिवाळे स्की शिकून आलेला असतो व तसे तो दर पंधरा मिनिटांनी सुचवितो. चौथा काही बोलत नाही. त्याचा गुडघा गेली चार वर्षे कुरकुरत असतो. ह्या चौघांचा एक बेत व्हावयाचा आहे, आणि खरी अडचण डोंगरापेक्षा येथेच आहे.

गुलमर्ग निवडण्यात मात्र उत्साही मित्राचे काही चुकलेले नाही. श्रीनगरहून सुमारे पन्नास किलोमीटरवर, पीर पंजालच्या कुशीत, २,६५० मीटर उंचीवर हे कुरण पसरलेले आहे. त्याचे जुने नाव गौरीमर्ग. सोळाव्या शतकात काश्मीरचा राजा यूसुफ शाह चक ह्याने ते बदलून गुलमर्ग, म्हणजे फुलांचे कुरण, असे केले. इंग्रजांना ते उन्हाळ्यापुरते हवे असे. गोल्फ खेळावे, थंड हवेत चहा घ्यावा, आणि हिवाळा लागण्यापूर्वी खाली उतरावे. परंतु त्यांच्यातल्याच काही लष्करी अधिकाऱ्यांना फुलांपेक्षा बर्फ आवडले, आणि १९२७ साली येथे स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. त्या वेळी वर नेणारे कोणतेही यंत्र नव्हते. खांद्यावर फळ्या घेऊन निम्मा दिवस चढावे आणि काही मिनिटांत घसरून खाली यावे, असा तो व्यवहार होता. आतबट्ट्याचा खरा, पण चढताना बर्फाची ओळख होत असे. ही गोष्ट पुढे कामाची आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली भारतीय सेनेने ह्याच जागी बर्फावरील हालचालींची शाळा काढली. तीच पुढे हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल म्हणून नावारूपाला आली. भारताच्या वतीने हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरला तो जेरेमी बुजाकोव्स्की हा पोलिश वंशाचा स्कीपटू. १९६४ साली इन्सब्रुकला आणि १९६८ साली ग्रेनोबलला. त्यानंतरच्या काळात गुलमर्गने आपलीच माणसे तयार केली. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान. त्याच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचे दुकान. मोठ्या उतारावरून फाटकांमधून वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीत तो पंचेचाळिसावा आला. ज्या शर्यतीत पुष्कळांना शेवटपर्यंत पोचताच आले नाही, तिच्यात पंचेचाळिसावे येणे ही लहानसहान गोष्ट नव्हे.

आता डोंगरावर चढण्याचे कष्ट राहिलेले नाहीत. रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. तो कुरणापासून कोंगडूरपर्यंत, तीन हजार मीटरच्या वर नेतो. दुसरा टप्पा २००५ साली झाला. तो अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत पोचवितो. सगळे तेथे त्याला गोंडोला म्हणतात. उन्हाळ्यात लाखो प्रवासी त्यात बसतात आणि फोटो काढून खाली येतात. हिवाळ्यातल्या स्कीवाल्याला मात्र हा गोंडोला थोड्याच वेळात अशा जागी उभे करतो, जेथे पूर्वी तो आपल्या पायांनी दमूनभागून, वाऱ्याचा आणि बर्फाचा अंदाज घेत पोचला असता. पाय वर पोचतात. जाणीव मात्र खालीच राहते.

तेव्हा पहिला प्रश्न केव्हा जावे, हा. खर्चाचा हिशेब मांडणारा मित्र नाताळची सुटी सुचवितो, कारण तेव्हा सर्वांना रजा मिळते. काश्मिरी पंचांग मात्र निराळे बोलते. तेथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’, म्हणजे मोठी थंडी. तिच्यामागून वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’, धाकटी. आणि मग दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’, तिचे पोर. नाताळात थंडी असते, गर्दी असते. उतारावर पुरेसे बर्फ असेलच असे नाही. ते साचते जानेवारीच्या उत्तरार्धात आणि फेब्रुवारीत, पश्चिमेकडून, पार भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे विक्षोभ एकामागून एक पीर पंजालवर आदळू लागले म्हणजे.

अलीकडे ह्या पाहुण्यांचाही भरवसा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे कुरण अर्धेअधिक तपकिरी दिसत होते. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीच्या आरंभी व्हावयाच्या होत्या. त्या पुढे ढकलून २१ ते २५ फेब्रुवारीला घ्याव्या लागल्या. २०२५ साली फेब्रुवारीअखेरची तारीखही बर्फाअभावी हुकली आणि स्पर्धा मार्चमध्ये, ९ ते १२ तारखांना झाल्या. ज्यांच्या हाती सरकारी यंत्रणा आहे त्यांना जेथे तारीख बदलावी लागते, तेथे चार नोकरदारांनी पैसे परत न मिळणारी खोली चार महिने आधी घेऊन ठेवावी काय? खर्चवाला मित्र म्हणतो, घ्यावी, स्वस्त पडते. ह्या एका ठिकाणी त्याचे ऐकू नये. थोडे अधिक द्यावे आणि तारीख हलविण्याची मुभा घ्यावी.

प्रवासाचे फारसे सांगावयास नको. विमानाने श्रीनगर आहेच. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत आगगाडीही जाते, चिनाबच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवरच्या पुलावरून. तो पूल पाहण्यासाठी म्हणूनसुद्धा एका वाटेने गाडीने जावे. परंतु मोठ्या हिमवर्षावात विमाने रद्द होतात आणि जम्मूचा रस्ता दरडींनी बंद पडतो. टंगमर्गपासून वरचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीने चढावे लागतात. आपली झकपक भाड्याची मोटार तेथेच सोडावी लागते. म्हणून रजेचा शेवटचा दिवस तोच परतीचा दिवस, असे कधी करू नये. दोन दिवस मोकळे ठेवावेत. ते मोकळे दिवस सुखाने गेले तर श्रीनगरात पहाटेची गरम हरिसा खाण्यात जातील. त्यात कोणाचे नुकसान नाही.

आणखी एका कारणाने हे दोन दिवस महत्त्वाचे आहेत. ज्याला सोमवारी हैदराबादच्या कचेरीत हजर व्हायचे आहे आणि ज्याच्याजवळ आजचाच एक दिवस उरला आहे, त्याला डोंगराची धोक्याची सूचना ऐकू येत नाही.

आता सामानाकडे वळावे. पहिल्यांदा जाणाऱ्याने फळ्या, बूट आणि काठ्या विकत घेऊ नयेत. सर्व काही तेथे भाड्याने मिळते. मात्र बूट निवडताना संकोच करू नये. स्कीचा बूट चालण्यासाठी केलेलाच नसतो. सरळ उभे राहिले की बोटे टोकाला जेमतेम लागावीत, गुडघे पुढे वाकविले की ती मागे सरावीत, आणि टाच मुळीच उचलता कामा नये. दोनदोन मोजे घालून सैल बूट भरून काढणे हा आपल्याकडचा हमखास उपाय. तो येथे पायाला फोड आणतो आणि फळीवरचा ताबा घालवितो. दुकानदार वजन विचारील. तेथे खरे वजन सांगावे. बूट फळीला जोडणारी जी पकड असते, तिचा ताण वजन, उंची, वय आणि कौशल्य पाहून ठरवितात. पडताना ती वेळीच सुटली नाही तर फळी पायाला पिरगाळते आणि गुडघा जातो. चार मित्रांसमोर दहा किलो कमी सांगण्याचा मोह, किंवा शिकाऊ असून तरबेज म्हणविण्याचा मोह, ह्या दुकानात महागात पडतो.

कपड्यांत सुती काही असू नये. घामाने ओले झालेले सूत बर्फात अंगाला चिकटून गारठविते. आत घाम शोषून बाहेर टाकणारा पातळ थर, मध्ये लोकर, वर वारा आणि पाणी अडविणारे कापड. आईने विणलेला स्वेटर मधल्या थरात उत्तम काम देतो. माकडटोपीची थट्टा फक्त पहिल्या संध्याकाळपर्यंत टिकते. काळा चष्मा मात्र थट्टेचा विषय नव्हे. ताजे बर्फ अतिनील किरणांचा फार मोठा हिस्सा, जवळजवळ ऐंशी टक्क्यांपर्यंत, परत फेकते. ढगाळ दिवशी चष्मा खिशात ठेवणाऱ्याचे डोळे रात्री वाळू भरल्यासारखे खुपू लागतात. विम्याचा कागदही बारकाईने वाचावा. प्रवासाच्या साध्या विम्यातून साहसी खेळ पुष्कळदा वगळलेले असतात, आणि ते वाक्य नेहमी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते.

ह्यानंतर येतो तो बेताचा खरा गुंता. चौघांची तयारी सारखी नाही. सहलीत बरोबर राहावे, ही मैत्रीची स्वाभाविक इच्छा. बर्फावर तीच सर्वांत घातक. नवशिक्याचे पहिले तीन दिवस कुरणातल्या मंद उतारांवरच जावयास हवेत, चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली. तेथे प्रथम पडावयाला शिकवितात: बाजूला, बसल्यासारखे, हात मागे न टेकता. मग उठावयाला, जे पडण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. फळ्या उताराला आडव्या केल्यावाचून उठताच येत नाही, हे कळेपर्यंत माणसाची सगळी प्रतिष्ठा ओली झालेली असते. मग फळ्यांची पुढची टोके जवळ आणि मागची दूर, अशी नांगराच्या फाळासारखी रचना करून वेग आवरणे. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. तिसऱ्या दिवशी दुपारी केव्हातरी शरीराला एकदम समजते की वळावयाचे ते दरीकडे झुकून, डोंगराकडे रेलून नव्हे. भीती ज्या बाजूला ओढते त्याच्या उलट बाजूला भार द्यावयाचा, हे कोणाला तोंडी सांगून समजत नाही. तो क्षण ज्याने अनुभवला त्याला अफरवटचे शिखर न गाठल्याची खंत राहू नये.

परंतु परदेशात शिकून आलेल्या मित्राला तीन दिवस कुरणात कंटाळा येणार. त्याने वर जावे, स्थानिक मार्गदर्शक घेऊन. संध्याकाळी बुखारीभोवती सगळे एकत्र असतातच. दिवस वेगळे आणि रात्री एकत्र, एवढी वाटणी दिवाळीतच करून टाकली तर पुढचे पुष्कळ टळते. पुष्कळ म्हणजे काय, ते स्पष्ट बोलले पाहिजे.

गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून बाहेर पडले की आखलेल्या, राखलेल्या उताराच्या दोन्ही अंगांना मोकळा डोंगर आहे. जगभरचे स्कीवाले गुलमर्गला येतात ते ह्या अस्पर्श बर्फासाठी. आणि हिमस्खलने होतात ती ह्याच उतारांवर, मुख्यत्वे तीस ते पंचेचाळीस अंशांच्या. म्हणजे नेमक्या त्याच ढाळावर, जो चांगल्या स्कीवाल्याला सर्वांत मोहक वाटतो. नव्या बर्फाचा जड थर जुन्या, ठिसूळ थरावर बसलेला असतो. एका माणसाचे वजन त्याला पुरते. माणूस ज्या हिमस्खलनात सापडतो, ते बहुतेक वेळा त्यानेच किंवा त्याच्या सोबत्याने सुरू केलेले असते. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गच्या परिसरात सेनेच्या त्याच शाळेतील सतरा जवान हिमस्खलनात गेले; बर्फ ओळखणे हाच ज्यांचा अभ्यास होता, त्यांची ही कथा. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू मरण पावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन गेला. त्याचे सोबती वाचले.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा जगतो. अर्धा तास उलटला की आशा फार थोडी उरते. खालून मदत येण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे वाचविणारे ते शेजारचे मित्रच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर शोधयंत्र, पाठीवर फावडे आणि बर्फात खुपसून पाहण्याची लांब सळई हवी. आणि ती वापरण्याचा सराव आधी झालेला हवा. तिघांजवळ यंत्र आहे आणि चौथ्याजवळ नाही, अशी मंडळी वर जाऊ नये. काटकसरीचा कस लावावयाची ही जागा नव्हे.

तथापि यंत्रापेक्षा मोठी गोष्ट निराळीच आहे. इयान मॅकॅमन नावाच्या संशोधकाने अमेरिकेत १९७२ ते २००३ ह्या काळात सहलीसाठी गेलेल्या लोकांच्या ७१५ हिमस्खलन-अपघातांचा अभ्यास करून २००४ साली आपले निष्कर्ष मांडले. धोक्याच्या खुणा समोर दिसत असताना लोक पुढे का गेले, हा त्याचा प्रश्न. त्याला आढळले ते असे: जागा ओळखीची होती म्हणून, ठरविलेले पुरे करावयाचे होते म्हणून, दुसरे कोणी आधीच गेलेले दिसले म्हणून, बरोबरचा माणूस जाणकार वाटला म्हणून, अस्पर्श बर्फ दुसऱ्याने आधी गाठू नये म्हणून, आणि सोबत्यांच्या नजरेत उतरू नये म्हणून. ओळखीच्या डोंगरावर तर शिकलेल्यांनीही न शिकलेल्यांइतकाच धोका पत्करला होता.

ही यादी त्या फराळाच्या बैठकीला ताडून पाहावी. ‘काही ऐकून घेणार नाही,’ हे उत्साही मित्राचे वाक्य. ‘एवढे पैसे भरले आहेत,’ हे खर्चवाल्याचे. ‘मी आहे ना बरोबर,’ हे परदेशात शिकलेल्याचे. तिन्ही वाक्ये प्रेमाची आहेत. कोणाच्या मनात वाईट काही नाही. पण अफरवटच्या खांद्यावर वारा सुटलेला असताना, समुद्रसपाटीच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपासच्या विरळ हवेत डोके जड झालेले असताना, ही तीन वाक्ये एकत्र आली की ज्याला भीती वाटते तो बोलत नाही. बोलला तर सगळ्यांचा विरस होईल, असे त्याला वाटते. मराठी माणसाला भिडेचा रोग जुना आहे. भिडेपोटी त्याने नको असलेल्या लग्नपंगतीत तिसरी जिलबी खाल्ली आहे, न परवडणाऱ्या उसनवारीला होकार दिला आहे. त्यांतून माणूस निभावतो. येथे निभावेल असे नाही.

म्हणून काही करार खालीच, घरी, चिवड्याच्या बशीपाशी करावेत. रोज सकाळी हिमस्खलनाच्या धोक्याची सूचना वाचल्यावाचून कोणी गोंडोलाचे तिकीट काढू नये. मोठा हिमवर्षाव होऊन गेल्यावर निदान एक दिवस मोकळ्या उताराचे नावही काढू नये. तो दिवस सर्वांत सुंदर दिसतो, हे ठाऊक असूनही. मार्गदर्शकाने नको म्हटले की चर्चा नाही, अधिक पैशांचे आमिष तर नाहीच. आणि चौघांपैकी कोणा एकाने ‘नको’ म्हटले तर बाकीच्या तिघांनी कारण विचारू नये. कारण विचारले की माणूस ते शोधू लागतो, समर्पक सापडले नाही की ओशाळतो, आणि ओशाळला की मुकाट्याने पुढे निघतो. मतदान घेऊ नये. उतारावर बहुमताला काही अर्थ नसतो.

उत्साही मित्राला हा शेवटचा करार जाचक वाटण्याचा संभव आहे. एवढ्या दुरून यावयाचे आणि एका माणसाच्या शब्दावर परत फिरावयाचे? त्याने तो पहिल्याच दिवशी स्वतः वापरून पाहावा: कुरणातल्या एखाद्या साध्या उतारावर, काही कारण नसताना ‘नको’ म्हणावे आणि बाकीचे वळतात की नाही ते बघावे. जे खाली वळले नाहीत ते वरही वळणार नाहीत, आणि हे कळून घेण्यास कुरण ही फार स्वस्त जागा आहे.

राहता राहिला कुरकुरत्या गुडघ्याचा चौथा मित्र. त्याने फळ्या पायाला लावू नयेत, असे त्याच्या डॉक्टरने सांगितले असेल तर तेच खरे. पण म्हणून त्याला घरी ठेवू नये. तो कोंगडूरपर्यंत वर येऊ शकतो. आकाश स्वच्छ असले तर नंगा पर्वताचे ८,१२६ मीटरचे शिखर दूर उत्तरेला दिसते, ते त्याने कहव्याचा पेला हातात धरून स्वस्थपणे पाहावे. त्याच्याजवळ एक कागद असू द्यावा. वर गेलेल्यांची नावे, त्यांनी कोणत्या बाजूने उतरावयाचे ठरविले ते, मार्गदर्शकाचा दूरध्वनी क्रमांक, आणि परतीची वेळ. ती वेळ टळून अर्धा तास झाला की त्याने कोणाची वाट न पाहता उठावे आणि तो कागद घेऊन सरळ गस्तीच्या माणसांकडे जावे.